वरच्या तलावातून खालच्या तलावात

तोंडात कापूस असताना माणसानं कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देऊ नये. मी दिलं. म्हणजे दिलं, असं डॉक्टरचं म्हणणं आहे.

डॉक्टर हा माझा शाळेपासूनचा मित्र आणि धंद्यानं दातांचा डॉक्टर. त्या दिवशी माझ्या खालच्या डाव्या दाढेचं काम चाललं होतं. अर्धा जबडा बधिर झालेला, ओठ कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते याचा पत्ता नाही, गालात दोन बोळे, जिभेखाली लाळ ओढणारी नळी. पेशंटांचं मन रमावं म्हणून डॉक्टरनं छतावर निळ्या आकाशाचं चित्र चिकटवलं आहे. त्या आकाशात मी बराच वर जाऊन पोचलो होतो. तेवढ्यात खालून कुठून तरी त्याचा आवाज आला.

"एक पेशंट शहर सोडून गेला. जाताना त्याची विंडसर्फिंगची फळी मला देऊन गेला, शिडासकट. पाण्यावर फळी, फळीवर आपण, हातात शीड. बाकी सगळं वारा करतो. रविवारी तलावावर जाऊ. तू येतोस ना?"

मी म्हणालो, "आँ."

"ठरलं तर," असं म्हणून त्यानं माझ्या दाढेत काहीतरी घट्ट दाबलं, त्यामुळे फेरविचाराची संधीही गेली.

घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा जबडा अजून झोपेतच होता. 'विंडसर्फिंग' हा शब्द तिला तीनदा ऐकावा लागला. तिसऱ्यांदा तिनं हातातलं काम ठेवलं, माझ्यावरून पायापासून डोक्यापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाली, "तुम्ही?"

एकच शब्द. पण ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. सकाळी सातपासून लोकांच्या दंडात सुया टोचते, त्यामुळे नेमकं कुठे टोचायचं हे तिला बरोबर कळतं.

"मीच. का?"

"काही नाही. मीपण येते."

"तू कशाला?"

"कुणीतरी काठावर नको का?"

मी नकाशांच्या कचेरीत आरेखक आहे. गेली सत्तावीस वर्षं मी या भागातले डोंगर, रस्ते, विहिरी आणि तलाव कागदावर उतरवतो आहे. माझ्या हातून रेघ चुकत नाही, म्हणून कचेरीत मला 'बिनचूक' म्हणतात. काही जण कुत्सितपणे म्हणतात, पण म्हणतात हे खरं. आम्ही जाणार होतो तिथले दोन्ही तलाव मीच निळे रंगवलेले. वरचा तलाव आणि खालचा तलाव. अर्थात प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. नकाशा काढणाऱ्यानं सगळीकडे हिंडत बसायचं म्हटलं तर नकाशे काढायचे कधी?

बातमी इमारतीभर पसरली. त्याला कारणीभूत माझा सराव. मी इस्त्रीच्या टेबलाचे पाय मिटून ते दोन गुंडाळलेल्या गाद्यांवर आडवं टाकलं होतं आणि हातात पडद्याची दांडी घेऊन त्यावर तोल सांभाळत होतो. तिसऱ्या प्रयत्नाला टेबल एका दिशेला गेलं, मी दुसऱ्या. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई वर आल्या. मी जमिनीवर पडद्यात गुंडाळलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय प्रेमानं म्हणाल्या, "शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे हं. एखाद्या कागदावर सही करायची राहिली असेल, तर संकोच करू नका."

वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. "वाऱ्याकडे पाठ करायची नाही," त्यांनी बजावलं. "आणि तोंडही करायचं नाही."

"मग काय करायचं?"

"तिरकं राहायचं. मी चाळीस वर्षं नोकरी केली ती तिरकं राहूनच. एकदाही पडलो नाही."

आमच्यातला तिसरा म्हणजे भूगोल. तो भूगोल शिकवतो, आणि शाळेत असल्यापासून त्याला त्याशिवाय दुसरं काही येत नाही, म्हणून हे नाव. तलावावर उतरायचं तर पाणीखात्याचा परवाना लागतो असं त्यानं शोधून काढलं आणि आम्ही दोघं त्या खिडकीपाशी गेलो. खिडकीमागच्या कारकुनानं वर न बघता विचारलं, "नाव?"

"नाव नाही, फळी आहे," भूगोल म्हणाला.

"तुमचं नाव."

"आमची कुठली नाव? फळीसुद्धा मित्राची आहे."

हे असं दहा मिनिटं चाललं. मागची रांग आमच्या बाजूनं आणि विरुद्ध अशी दुभंगली. शेवटी कारकुनानं दोन्ही हात टेकले आणि परवान्यावर 'तरंगती वस्तू, एक. माणसं, तीन' असं लिहून शिक्का मारला. वर ताकीद दिली, "फक्त वरच्या तलावात. खालचं पाणी पिण्याचं आहे. तिकडे कुणी दिसलं तर माझ्याकडे येऊ नका."

"खालच्या तलावात आम्ही जाणारच कसे?" मी हसून म्हणालो. "दोन्हींच्या मध्ये अखंड टेकडी आहे. बदकालासुद्धा इकडून तिकडे पायी जावं लागेल. नकाशा मीच काढलाय."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. डॉक्टरची छोटी गाडी, टपावर फळी आणि डोलकाठी, आत आम्ही चौघं आणि माझ्या मांडीवर गुंडाळलेलं पिवळं शीड. शहर मागे पडलं. शीड उन्हानं तापत गेलं तसा त्याला मेणाचा आणि जुन्या पाण्याचा वास सुटला. त्या वासानं मला कसली तरी आठवण येत होती, पण कसली ते सापडत नव्हतं, आणि डुलकी मात्र येत होती. एका वळणावर डोळे उघडले तर समोर तलाव.

मी त्याला जो निळा देत आलो तो चुकीचा होता, हे पहिल्याच नजरेत कळलं. कडेला तो हिरवा होता, मधे राखाडी, आणि पलीकडच्या काठाला तर रंगच नव्हता, नुसता उजेड. आवाज नाही. गाडीचं दार लावलं तर त्याचा आवाज पाण्यावरून चालत पलीकडे गेला आणि थोड्या वेळानं परत आला. आम्ही चौघंही आपोआप हळू बोलायला लागलो.

पहिला मान डॉक्टरचा. त्यानं केशरी तरंगतं जाकीट चढवलं, फळीवर गुडघे टेकले, उभा राहिला, दोरीनं पाण्यातलं शीड वर ओढलं आणि पेशंटाशी बोलतो त्या सुरात स्वतःशीच म्हणाला, "काही नाही होत, काही नाही होत," आणि मागे पडला. मग भूगोल. त्यानं थुंकी लावलेलं बोट हवेत धरून वाऱ्याची दिशा ठरवली, वारा असा का वाहतो ते आम्हाला समजावून सांगितलं, आणि नेमका त्याच दिशेला पडला. सगळं मिळून डॉक्टर सात सेकंद उभा राहिला, भूगोल चार. बायको काठावरच्या खडकावर बसून घड्याळ बघून आकडे सांगत होती.

मग मी. मी पुढे पडलो, मागे पडलो, बसल्याबसल्या पडलो. एकदा तर चढण्याआधीच पडलो. सुरुवातीला बायको "एक सेकंद" असं सांगायची, नंतर नुसती मान हलवायची. पण एक गोष्ट मी त्या वेळी कुणाला सांगितली नाही. एकदा शीडच माझ्या अंगावर पडलं आणि मी त्याच्याखाली पाण्यात राहिलो. आत पिवळा उजेड होता. पाणी पिवळं, माझे हात पिवळे. बाहेर डॉक्टर ओरडत होता, तो खूप लांबून, जणू दुसऱ्या कुणालातरी ओरडत होता. जाकीट मला धरून होतं. मला तिथून निघावंसंच वाटेना.

बारा वाजता वारा पूर्ण पडला. डॉक्टर आणि भूगोल झाडाखाली जाऊन आडवे झाले. बायको म्हणाली, "आता या बाहेर, मी गाडीतून डबा आणते." मी म्हणालो, "दोनच मिनिटं," आणि शीड पाण्यात तसंच पसरलेलं ठेवून फळीवर उताणा पडलो. पाठीला उन्हात न्हायलेली फळी, कानात पाण्याची बारीक टकटक. डॉक्टरच्या छतावरचं आकाश हे या आकाशापुढे अगदीच कागदी होतं. मी डोळे मिटले.

झोपलो नव्हतो. हे मी पुढे दोन ठिकाणी लेखी दिलं आहे. पण डोळे उघडले तेव्हा झाड नव्हतं, खडक नव्हता, बायको नव्हती. फळी चालली होती. वारा नसताना, शीड ओलं पसरलेलं असताना, ती सावकाश आणि ठाम अशी एका दिशेला चालली होती, कुणीतरी हाताला धरून न्यावं तशी. दोन्ही बाजूंना लव्हाळे. मी उठून बसलो आणि खाली पाहिलं.

खाली रस्ता होता.

पुरुषभर पाण्याखाली स्वच्छ डांबरी रस्ता. कडेला पांढरी पट्टी, मधूनच एखादा अंतराचा दगड. एक लोखंडी खांब पाण्यातून वर आला होता, त्यावरची पाटी गंजली होती तरी 'पुढे वळण आहे' एवढं वाचता येत होतं. आणि खरंच पुढे वळण होतं. फळीनं ते बरोबर घेतलं. मासे मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांनी अत्यंत बेशिस्त चालले होते. मी पोटावर वळून, हनुवटी फळीच्या कडेवर टेकून बघत राहिलो. रस्ता मला ओळखीचा वाटत होता. आणि मग लख्ख आठवलं. हा रस्ता मीच खरवडला होता.

तलाव झाले तेव्हा मी नोकरीत नवा होतो. साहेबांनी मूळ नकाशा पुढ्यात टाकला आणि म्हणाले, पाण्याखाली गेलं ते सगळं काढून टाका. मी ब्लेडच्या पात्यानं शाई खरवडली. दोन दिवस. मागे रेघेची सावलीसुद्धा राहिली नाही, साहेबांनी कौतुक केलं. त्या रस्त्यावरून कोण जात होतं, कुठे जात होतं, हे मनातही आलं नव्हतं. आता सव्वीस वर्षांनी मी त्याच्यावरून जात होतो आणि तो होता. पट्टीसकट, दगडासकट.

तेवढ्यात दोन्ही बाजूंना खडकाच्या भिंती उभ्या राहिल्या. ही खिंड होती. टेकडी कापून रस्ता पलीकडे नेला होता. खिंड दाखवायला रस्त्याच्या दोन्ही कडांना बारीक आडव्या रेघा असतात. रस्ता खरवडताना मी त्याही खरवडल्या होत्या, आणि टेकडीच्या रेघा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला अखंड जोडून टाकल्या होत्या. बिनचूक!

खिंड संपली आणि समोर दुसरा तलाव उघडला. मोठा, रिकामा, काचेसारखा. पलीकडे एक पांढरी इमारत. फळी तिच्याकडेच निघाली होती. मी हातांनी उलटं वल्हवून पाहिलं, तर फळी तेवढ्यापुरती थांबल्यासारखं करायची आणि पुन्हा आपली निघायची. इमारतीच्या गच्चीवरून भोंगा बोलला, "फळीवरचे काका! बाहेर या."

मला त्या क्षणी पोहोचल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण मी अडकलो 'काका'वर.

ते पंपघर होतं. बाराला पंप सुरू होतात आणि पाणी ओढतात. खिंडीतून मला खेचून आणलं ते त्यांनीच. काठावर एक वयस्क चौकीदार उभा होता. त्यानं न बोलता मला हात दिला, जाकीट आणि माझा निथळणारा सदरा कठड्यावर वाळत घातला, आणि आत जाऊन आपला राखीव शर्ट आणून दिला. खात्याचा आकाशी शर्ट, खिशावर थेंबाची खूण. मी तो घालून पंपघराच्या बाईंसमोर उभा राहिलो. बाई म्हणजे तिथल्या मुख्य, वय तिशीच्या आत, टेबल इतकं नीटनेटकं की मला आदरच वाटला.

"बाई, आधी एक फोन," मी म्हणालो. "माझी बायको पलीकडच्या काठावर आहे. तिला वाटेल मी बुडालो."

त्यांनी लगेच फोन पुढे केला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला बायकोचा नंबर येत नाही. तो माझ्या फोनला येतो, आणि फोन तिच्या पिशवीत. पाठ असलेला एकच नंबर होता, आमच्या कचेरीचा. मी तो लावला. रविवारची रिकामी कचेरी आणि त्यात वाजणारा फोन मला डोळ्यांसमोर दिसत होता. बराच वेळ वाजू दिला.

बाईंनी नोंदवही उघडली. "कुठल्या फाटकातून आलात?"

"फाटकातून नाही. वरच्या तलावातून."

"वाहन?"

"फळी."

"क्रमांक?"

शिडावर साडेपाच असा काहीतरी आकडा छापलेला होता. तो दिला.

"कुणाला भेटायचं होतं?"

"कुणालाच नाही हो. पाणी घेऊन आलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर नकाशा होता. खालच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. "काका, हे बघा. दोन तलाव, मधे टेकडी. वरून खाली यायला वाट नाही. तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण या कागदाप्रमाणे तुम्ही इथे आलेलेच नाही."

"मग मी जातो."

"न आलेला माणूस जाईल कसा?"

मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

"दोन्ही तलाव भरले की जोडले जातात हो, बाई," चौकीदार दारातून म्हणाला. "बदकं येतात त्या खिंडीतून. मी बघतो ना दरवर्षी."

"तुम्ही बघता ते वेगळं, नोंद वेगळी," बाई म्हणाल्या, पण आवाज मऊ झाला होता. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, "पाण्यातून आले नाहीत, तर फाटकातून आले असंच वर धरतील. पिण्याच्या पाण्याची जागा आहे ही. फाटकावर हे होते. यांची दोन महिने नोकरी राहिली आहे."

चौकीदार बाहेर बघत होता. मी त्याचा शर्ट घालून उभा होतो.

इथे मी एक कबुली देतो. मला सुचलं होतं. फाटक उघडं दिसलं, फळी डोक्यावर घेऊन आलो, चुकलो, माफ करा, एवढं म्हटलं असतं की झालं. माझा नकाशा भिंतीवर तसाच राहिला असता. कचेरीत कुणाला कळलं नसतं. सत्तावीस वर्षांत माझी एक रेघ कुणी दुरुस्त केलेली नाही, आणि माझ्याकडे मिरवायला दुसरं काहीच नाही; ना मला गाता येतं, ना पोट आत आहे, ना मी सात सेकंद उभा राहू शकतो. मी भिंतीवरच्या त्या टेकडीकडे पाहत राहिलो. फार सुंदर काढली होती. पण डोळ्यांसमोर सारखा तो पाण्याखालचा रस्ता येत होता.

"कागद द्या," मी म्हणालो.

मी लिहिलं: 'सदर नकाशा मी काढलेला असून तो चुकीचा आहे. टेकडीत खिंड आहे. ती माझ्या हातून खोडली गेली. मी त्याच खिंडीतून, जागेपणी, आज दुपारी इथे आलो आहे. चौकीदारांचा काही दोष नाही.' खाली सही केली. मग पेन्सिल घेऊन भिंतीपाशी गेलो आणि दोन निळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी ओढली.

"अहो, सरकारी नकाशावर खाडाखोड करू नका!" बाई उठल्या.

"दुसऱ्यानं केली तर खाडाखोड," मी म्हणालो. "मी केली तर दुरुस्ती."

बाई पट्टीकडे पाहत राहिल्या. मग खाली बसल्या आणि नोंदवहीत नीट अक्षरात लिहिलं, 'वरच्या तलावातून, खिंडीमार्गे.' लिहून झाल्यावर पहिल्यांदा हसल्या. "आता तुम्ही आलात, काका. आता जाऊ शकता."

पण कसं? रस्त्यानं वळसा पडला असता वीस किलोमीटरांचा, आणि बाईंना पंप सोडून हलता येईना. घड्याळात तीन वाजून गेले होते. बायको काठावर उभी असेल, म्हणून मी दारात जाऊन खिंडीच्या दिशेनं पाहिलं. चौकीदार माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "चारला पंप थांबतो," तो म्हणाला. "मग वारा येतो. इकडून तिकडे. रोज येतो."

"मला उभं राहता येत नाही हो."

त्यानं जरा विचार केला. "कुणी बघत नसलं की जमतं," तो म्हणाला.

चारला पंप थांबला. आधी ती घरघर बंद झाली आणि इतका वेळ ती होती हे तेव्हा कळलं. मग लव्हाळे एका बाजूला झुकले. मी जाकीट घातलं, घोट्याएवढ्या पाण्यात फळीवर पाय ठेवला, दोरी धरली. कुणीही आकडे सांगत नव्हतं. शीड पाण्यातून निथळत वर आलं, मी आडवी दांडी पकडली, आणि ते भरलं. एखाद्या मोठ्या जनावरानं झोपेतून उठून श्वास घ्यावा तसं. मी तिरका झालो. ठरवून नाही, अंगच झालं. आणि काठ मागे सरकायला लागला.

पुढचं मला सलग सांगता येत नाही. पावलांखाली पाणी चुळचुळत होतं. हातात ओढ होती, पण ती माझ्या ताकदीला बरोबर पुरेल एवढीच, जणू वाऱ्यानं माझं वय विचारून घेतलं होतं. खिंड आली, दोन्ही भिंतींवर शिडाचा पिवळा उजेड सरकत गेला. पाण्याखाली रस्ता उलट दिशेनं उलगडत होता, पाटी मागच्या बाजूनं आली, वळण आलं, मी वळलो. कसं वळलो विचारू नका. मला भीती वाटत नव्हती, अभिमानही वाटत नव्हता. कधीतरी लहानपणी दुपारी खिडकीत बसून काहीच न करता जे वाटायचं, ते वाटत होतं. किती वेळ, ते माहीत नाही. मोजायला कुणी नव्हतं.

लव्हाळ्यांआडून बाहेर आलो आणि ते तिघं दिसले. तिघांचीही माझ्याकडे पाठ. डॉक्टर छातीभर पाण्यात उभा राहून डोलकाठीच्या जादा नळीनं तळ चाचपत होता. भूगोल खडकावर चढून दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून मला हाका मारत होता, अर्थातच उलट्या दिशेला. आणि बायको पाण्याच्या अगदी कडेला, चपला हातात, हलतसुद्धा नव्हती.

मी ताठ उभा, शीड भरलेलं, मागून ऊन. असं दृश्य माझ्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हतं. "बघा!" असं ओरडायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की ओरडलो तर पडेन. न ओरडलो तर कुणी बघणार नाही. पन्नास फूट मी या पेचात काढले. फळी वाळूला घासली, थांबली, आणि मी पायरी उतरावी तसा उतरलो.

"आलो," मी म्हणालो.

बायको वळली. तिनं आधी हातातल्या चपला फेकल्या, त्यातली एक मला लागली. मग ती जे बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता तिचा आवाज फाटला आणि ती वाळूतच बसली. मी शेजारी बसलो. डॉक्टर पाण्यातून धडपडत आला, भूगोल खडकावरून घसरत. मी सगळं सांगितलं, खिंड, पंपघर, नोंदवही. तिथवर त्यांनी विश्वास ठेवला. "आणि येताना उभा राहून आलो," म्हटल्यावर डॉक्टरनं बाहुल्या तपासाव्यात तसे माझे डोळे पाहिले.

"ऊन लागलंय याला," तो म्हणाला. "फळीला धरून पोहत आला असशील."

"उभा राहून. खिंडीतून. वळणासकट."

"वाऱ्याची दिशा बघता ते शक्य नाही," भूगोल म्हणाला.

माझ्याजवळ पुरावा नव्हता, आणि खरं म्हणजे मलाही आता ते थोडं स्वप्नच वाटायला लागलं होतं. बायकोनं डोळे पुसले. माझ्या अंगावरचा परका शर्ट तिला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला असावा. तिनं जाकिटाच्या वर आलेली कॉलर दोन बोटांत धरली. मग बाही. मग जाकिटाखाली हात घालून पाठ.

"कोरडा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"शर्ट. सगळा कोरडा आहे. एकदासुद्धा पडले नाहीत." तिनं माझ्याकडे पाहिलं. तसं तिनं मला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. "तुम्ही?" ती म्हणाली.

डॉक्टरनं पुढे होऊन स्वतः कॉलर चाचपली. भूगोलला पटेना, त्यानं दुसरी बाही धरून पाहिली. मी उठून उभा राहिलो म्हणजे त्यांना सोयीचं पडेल. वारा अजून वाहत होता. ते तिघं माझ्याभोवती फिरून शर्ट चाचपत होते, आणि मी हात पसरून, जरासा तिरका, त्यांची खात्री पटेपर्यंत उभा राहिलो.